निम्मा धूर

कनिष्ठ महाविद्यालयात पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला आणि तो भूगोल शिकवणाऱ्यांच्या गळ्यात पडला. आमच्याकडे भूगोल मी शिकवत होते, म्हणजे माझ्याच गळ्यात. लातुरात तेव्हा मुलांना तेवढेच विषय ठाऊक होते ज्यांच्या जोरावर डॉक्टर-इंजिनियर होता येतं. पर्यावरणाचा तास म्हणजे मागच्या बाकावर बसून रसायनाची गणितं सोडवायची हक्काची सोय. मी मात्र खडू मोडेपर्यंत जोर लावून फळ्यावर लिहायची: कर्बवायूंचे उत्सर्जन कमी करण्यासाठी सर्व राष्ट्रांनी सहकार्य करणे आवश्यक आहे. मुलं मुकाट उतरवून घ्यायची. पेपरात हेच लिहिलं की पूर्ण मार्क.

त्या ‘आवश्यक आहे’चा मला आता मनस्वी राग येतो. आवश्यक आहे हे कुणाला ठाऊक नसतं? शेंबडं पोरही सांगेल. घोडं पेंड खातं ते त्याच्या पुढे, आणि त्या पुढच्याविषयी पुस्तकात अक्षर नव्हतं. ते मी आमच्या गल्लीत पाहिलं, आणि त्यापायी माझी थोरली बहीण माझं घर सोडून गेली.

आक्का माझ्याहून बरीच मोठी. तिला किल्लारीच्या बाजूला एका खेड्यात दिलेलं. गणपती बुडवून लोक झोपले होते त्या पहाटे भूकंप झाला आणि दगड-मातीची, जाड भिंतींची घरं जागच्या जागी बसली. दाजी आणि तिची सासू, दोघंही गेली. आक्काला काढलं तेव्हा तिच्या नाकातोंडात पांढरी माती गच्च बसली होती. जीव वाचला, पण छातीत जे शिरलं ते पुरतं कधी निघालंच नाही. जिना चढली की शिट्टी वाजल्यासारखा श्वास.

त्या दिवसांविषयी बोलताना ती मेलेल्यांपेक्षा आलेल्यांबद्दल जास्त सांगायची. लष्कराचे जवान, आंध्रातून ट्रक भरून आलेली माणसं, ज्या देशांची नावं तिला उच्चारता यायची नाहीत तिथले तंबू आणि डॉक्टर. ‘एक गोरा मानूस व्हता बग. त्याला आपली भाषा येईना की मला त्याची. पर माझा हात धरून त्यो रडला.’ हे सांगताना तिचा चेहरा उजळायचा. जग वाईट नाही, वेळ आली की सगळे धावून येतात, असं तिचं ठाम मत झालं होतं. मीही तेच धरून चालले होते.

पुनर्वसनाच्या गावात तिला घर मिळालं, पण तिथं एकटीनं राहून काय करणार? मी तिला लातूरला आणलं. घर आमचं स्वतःचं, बैठं, पुढे मोठं अंगण. नवऱ्याची नोकरी नांदेडला, तो शनिवारी यायचा. आक्काची एकच अट होती. ती स्लॅबखाली झोपणार नव्हती. दिवसा स्वयंपाकघरात वावरायची, तेही दाराकडे तोंड करून. पाठ टेकायची म्हटलं की अंगणात बाज. पावसाळ्यात पडवीतल्या पत्र्याखाली. मी समजावलं, चिडले, एकदा रडलेही. ती म्हणायची, ‘तू म्हन्तीस ते खरं हाय. पर डोळा लागंना त्याला काय करू?’ शेवटी मी नाद सोडला. काही वर्षं तसं छान चाललंही होतं.

मग आमची गल्ली बदलली. लातूरच्या निकालांचा डंका वाजायला लागला होता. बाहेरगावची पोरं झुंडीनं यायला लागली, सोबत त्यांच्या आया, खोली घेऊन दोन वर्षं डबा करून घालायला. आमच्या कुंपणाला लागून एका भौतिकशास्त्राच्या सरांचा क्लास होता, त्याच्यावर एकेक मजला चढत गेला. गल्लीत सगळे त्यांना मोठे सर म्हणायचे. समोर अहमदपूरकडच्या एका माणसानं रान विकून तीन मजली वसतिगृह बांधलं, ते आमचे वसतिगृहवाले. कोपऱ्यावर एका चाचांचं पिढीजात बुक-बायंडिंगचं दुकान होतं, त्याचं झेरॉक्स सेंटर झालं आणि नोट्स काढायला पोरांची रांग लागली. मला सगळ्यांचं कौतुकच होतं. खोटं कशाला बोलू?

पण लोडशेडिंग आलं. सकाळी पाचच्या बॅचला लाईट नाही, संध्याकाळच्या बॅचला लाईट नाही. मोठ्या सरांनी जनरेटर आणला आणि आमच्या कुंपणाला टेकून बसवला. मग वसतिगृहाचा आला. मग चाचांचा. लाईट गेली की तिन्ही एकदम धडधडायला लागत, आणि काळा धूर आमच्या अंगणात उतरून बसे. आक्का बाज या भिंतीकडून त्या भिंतीकडे ओढत न्यायची. आत ये म्हटलं तर उंबऱ्याशी थांबायची. आत तिचं भय होतं आणि बाहेर धूर. तिनं राहायचं कुठं, एवढाच माझा प्रश्न होता.

नांदेडला नवऱ्याची खोली तिसऱ्या मजल्यावर. ती पायरीसुद्धा चढली नसती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, औषध मी देतो, पण धूर तुम्ही बंद करा. पालिकेत गेले तर तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि क्लासेसमुळे शहराचं नाव कसं झालंय ते ऐकवलं. त्यांचा मुलगाही मोठ्या सरांकडेच होता.

तेव्हा मी ठरवलं की गल्लीलाच एकत्र बसवायचं. एका रविवारी सगळ्यांना घरी बोलावलं. आक्कानं स्वतःच्या हातानं चुरमुऱ्यांचा सुशीला केला. त्याच आठवड्यात टीव्हीवर कुठल्याशा दूरच्या शहरात जगभरचे देश याच कामासाठी जमणार असल्याचं दाखवत होते. नवरा हसून म्हणाला, ‘जगाला जमंना ते तुझी गल्ली करणार होय?’ मी म्हटलं, त्या लोकांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नसतं, आपण रोज एकमेकांकडे साखर मागतो.

बोलणं सुरू झालं आणि माझे कान तापायला लागले. मोठे सर शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. सगळ्यांनी सारखं कमी करू.’

वसतिगृहवाले उसळले. ‘सारखं कसं? तुम्ही आमच्या आदीपासून धूर काढला. मजले चढले, गल्लीभर फ्लेक्स लागले. आमी आत्ता कुठं उभं राहायलो, तर लगेच सारखं व्हय? ज्यानं आदी केलं त्यानं आदी कमी करावं.’

चाचा सुशीला खात म्हणाले, ‘आमचा तो डब्बा आहे मॅडम. छोटा. त्यात काय धूर निघतो? मोठ्या लोकांचं आधी बघा ना.’

मोठे सर म्हणाले, तेव्हा धुराचं कुणाला ठाऊक होतं? वसतिगृहवाले म्हणाले, आता ठाऊक झालं ना? चाचा म्हणाले, दोघांचं जमलं की मला कळवा. हे सगळं मी वर्गात शिकवत होते हो! श्रीमंत देश, उशिरा आलेले देश, लहान देश. शिकवताना मला वाटायचं, काय ही हट्टी माणसं, जरा शहाणपणानं वागली तर काय बिघडेल! आता तीच वाक्यं माझ्या पडवीत, माझ्याच खुर्च्यांवर बसून, माझा चहा पीत बोलली जात होती. आणि वाईट म्हणजे कुणाचंही वाक्य खोटं नव्हतं.

शेवटी मोठ्या सरांनीच तोडगा काढला. ‘वाद नको. प्रत्येकाची गरज वेगळी. येता महिनाभर कोण किती चालवतो ते बघू. तीच त्याची सवय धरायची. पुढच्या महिन्यापासून प्रत्येकानं आपल्या सवयीच्या निम्मं चालवायचं.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर टाळी वाजवली. आक्का आतून म्हणाली, ‘बग, म्हनलं नव्हतं मी? मान्सं चांगली हायेत.’

दुसऱ्याच दिवसापासून तमाशा सुरू झाला. लाईट असताना मोठ्या सरांचा जनरेटर चालू. मला वाटलं, मेकॅनिक तपासत असेल. संध्याकाळी वसतिगृहाचाही चालू, वर खांबावरचा दिवा ढळढळीत पेटलेला. शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला गेलेले, दुकानाला कुलूप, आणि आत डब्बा धडधडतोय. मी रस्ता ओलांडून गेले आणि वसतिगृहवाल्यांना विचारलं, ‘लाईट आहे ना तुमच्याकडे?’

‘हाय की.’

‘मग हे कशाला?’

ते अगदी निरागसपणे म्हणाले, ‘मॅडम, सवय दिसाया पायजे ना. आत्ता कमी चालवलं तर म्होरं निम्म्यात मरन आमचंच. सरांनी सोमवारपासून चालू केलंय, आमी मागं राहावं व्हय?’

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी सरांकडे गेले, ते म्हणाले समोरचे करतात म्हणून. चाचांकडे गेले, ते म्हणाले दोघं करतात म्हणून. दिवाळीची सुट्टी लागली, पोरं गावाला गेली, वसतिगृहाच्या खोल्या रिकाम्या पडल्या आणि त्या रिकाम्या खोल्यांतले पंखे जनरेटरवर गरागरा फिरत राहिले. निम्मा करायचा म्हणून धूर आधी दुप्पट झाला. आक्कानं त्या दिवाळीत तोंडाला ओला पदर बांधून चकल्या तळल्या. मी ओरडले की ती मलाच गप्प करायची. ‘महिनाभर सोस. मग कमी हुनारच हाय.’

महिना संपला. पुन्हा सभा, पुन्हा चहा. प्रत्येकजण आपली भली थोरली सवय छातीवर मिरवत आला. वसतिगृहवाल्यांना सरांची सवय पटेना, सरांना त्यांची. चाचांचं म्हणणं, लहानाला निम्म्यातून सूट हवी. तरीही ताणून ताणून, चुचकारून मी सगळ्यांना कबुलीपर्यंत आणलं. आणि मग मोठे सर घड्याळ बघत उठले.

‘मॅडम, मी करेन हो. पण पलीकडच्या रस्त्यावरचे क्लासवाले करणार आहेत का? माझ्या क्लासात अंधार दिसला की पोरं तिकडं पळतील. धूर तर त्यांच्याकडूनही येतोच. आधी त्यांना आणा. मी एकट्यानं का मरायचं?’

सर उठले तसे वसतिगृहवाले उठले, आणि ते दोघं उठल्यावर चाचांना बसून राहण्याचं कारण उरलं नाही. जाताना मात्र सगळे म्हणाले की पुढच्या महिन्यात परत बसू, प्रयत्न सोडायचा नाही. आठवड्याभरात गल्लीच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स लागला. हिरवंगार झाड, उडते पक्षी, खाली ‘स्वच्छ गल्ली, हरित गल्ली’ आणि तिघांचे हात जोडलेले फोटो. लाईट गेली की तो दिसेना, म्हणून त्याच्यावर एक हॅलोजन सोडला होता. त्याची वायर सरांच्या जनरेटरला जोडलेली. मी तो फ्लेक्स फाडला नाही हे माझं मलाच नवल वाटतं.

पर्यावरणाच्या तासाला त्या दिवसांत मी मुलांवर उगाच खेकसायची. त्या दूरच्या शहरातली परिषदही संपली होती. बातम्यांत सांगितलं, चर्चा फलदायी झाली, पुढची बैठक पुढच्या वर्षी. मी टीव्ही बंद केला.

थंडी सुरू झाली तेव्हा धूर वर जाईनासा झाला. एका संध्याकाळी, लाईट नुकतीच गेलेली, मी आत कंदील पुसत होते आणि बाहेर बाज करकरली. जाऊन पाहते तर आक्का दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसलेली, ओठ निळे पडलेले, श्वास आत जातोय की नाही कळत नव्हतं. मी फाटकात जाऊन किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही.

पुढे जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. तिन्ही जनरेटर एका दमात बंद झाले. कुणी कुणाला विचारलं नाही. आधी तुम्ही, मग आम्ही, काही नाही. वसतिगृहाची पोरं बाजेसकट आक्काला उचलून रस्त्यावर घेऊन आली. मोठ्या सरांनी भरलेला क्लास तसाच सोडून गाडी काढली. चाचांनी पुढे पळत जाऊन चौकातली गर्दी हटवली. वसतिगृहवाले दवाखान्याच्या पायऱ्यांवर अनवाणी बसून होते, चपला घालायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आक्काच्या तोंडावर औषधाच्या वाफेचा मास्क चढला, हळूहळू ओठांवर रंग आला, तेव्हा मोठे सर भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. मीच त्यांना पाणी दिलं.

आक्का दवाखान्यात होती तोवर गल्लीत एकही जनरेटर चालला नाही. क्लास मेणबत्त्यांवर चालले. पोरं गच्चीवर बसून दिवसाउजेडी अभ्यास उरकू लागली. चाचांनी लाईट असेल तेव्हाच झेरॉक्स मिळेल अशी पाटी लावली. कुणाचा क्लास बुडाला नाही, कुणाचं पोर पलीकडच्या रस्त्यावर पळालं नाही. म्हणजे जमत होतं! इतके महिने ज्याच्यासाठी मी तोंडाला फेस आणला, ते चुटकीसरशी जमत होतं. आनंद व्हायच्या ऐवजी मला संताप आला.

आक्का घरी आली त्या दुपारी सगळे भेटायला आले. चाचांनी घरून खीर आणली होती. वसतिगृहवाल्यांनी संत्री. मोठे सर तिच्या बाजेशी खुर्ची ओढून बसले. ‘आक्का, आता कसं वाटतंय?’

आक्का प्रत्येकाकडे बघून हसली. ‘बरी हाय आता. लई केलं तुमी.’

‘खरंच बरं आहे ना?’

‘हाव. एकदम बरी हाय.’

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हसत, गप्पा मारत गेले. संध्याकाळी लाईट गेली. थोडा वेळ शांतता होती. मग कोपऱ्यावर चाचांचा डब्बा चालू झाला, लहानच तो. मग समोर वसतिगृहाचा. मग आमच्या कुंपणाला टेकलेला.

मी तरातरा फाटकाकडे निघाले. आक्कानं माझा हात धरला. तिच्या मुठीत ताकद नव्हती, पण मी थांबले.

‘नको जाऊस. त्यांची चूक न्हाई,’ ती म्हणाली. ‘म्या बरी हाय म्हनले, तितंच चुकलं माझं.’ मग धाप आवरत, ‘भूकंपात बी असंच झालतं. ढिगाऱ्याखाली व्हते तवर सारं जग आलं. बाहीर काढलं, बरी झाले, की गेले आपापल्या गावाला. आता यांना थांबवायला म्या रोज मराया टेकावं व्हय गं?’

इतकी माणसं धावून येतात ती खोटी नसतात, त्यांचे अश्रू खोटे नसतात. पण ढिगारा पडेपर्यंत ती आपापल्या जागी उभी राहून दुसऱ्याकडे बोट दाखवत असतात, आणि तेही खोटं नसतं. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा मावतात, ते मला कुणीतरी नीट समजावून सांगावं. मी मुलांना काय शिकवू?

आठवड्याभरात आक्का पुनर्वसनाच्या गावी गेली. तिथं तिचं कुणी नाही. घर आहे, त्यात ती झोपत नाही, अंगणात बाज टाकते. पण हवा मोकळी आहे. मी हातापाया पडले, भांडले, तिची पिशवी लपवून ठेवली. ती म्हणाली, ‘श्वास लागतो तितं राहीन.’ निघताना गल्लीतले सगळे फाटकाशी जमले. मोठे सर गाडीनं सोडायला तयार होते, तिनं एसटीच बरी म्हटलं. चाचांच्या बायकोनं तिला मिठी मारली. बायका रडल्या.

तिला स्टँडवर सोडून मी परत आले, अंगणातली विटांवर उभी केलेली तिची बाज उचलत होते. वसतिगृहवाले मदतीला आत आले. एका बाजूनं त्यांनी धरली, दुसऱ्या बाजूनं मी. भिंतीला टेकवून झाल्यावर हात झटकत ते मायेनं म्हणाले, ‘बरं झालं मॅडम, आक्काला तिकडं मोकळी हवा भेटंल. आन् तुमच्या बी डोक्याचा ताप गेला. आता मीटिंगा घ्यायची गरज न्हाई. प्रश्नच मिटला.’

मी म्हटलं, ‘ती प्रश्न नव्हती हो. माझी बहीण होती.’

त्यांना ते लागलं. त्यांचा चेहरा पडला, दोन्ही हात जोडून ते मान खाली घालून गेले. संध्याकाळी लाईट गेली, तेव्हा पहिला आवाज त्यांच्याच वसतिगृहातून आला.